घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर टीम: बाबांच्या शेवटच्या साडेतीन महिन्यांचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

टीमचं नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते. बाबांनी हा अनुभव लिहायची परवानगी दिली तेव्हा दोन अटी घातल्या होत्या, एक म्हणजे कुणाचंच नाव नको आणि दुसरी म्हणजे आजाराचं नेमकं नाव नको, "फुफ्फुसाचं दुखणं होतं एवढं लिही, बास." टीम छोटी आहे, नाव टाकलं तर ओळखीच्या माणसांना लगेच कळेल कुणाबद्दल चाललंय. बाबांना जाऊन पाच महिने झाले पण अट अजून लागू आहे असं मी धरते. तेव्हा कृपया नंबर मागू नका. तुम्ही अशी सेवा शोधत असाल तर त्यांना काय विचारायचं, कशाकडे लक्ष ठेवायचं, यासाठी हे वाचा.

आधी सेवा काय होती ते. डॉक्टर मॅडम पंधरा दिवसांतून एकदा, सिस्टर आठवड्यातून दोनदा (शेवटी शेवटी रोज), गरज पडली तर काउन्सेलर, आणि चोवीस तास चालू असणारा फोन. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) त्यांनीच आणून दिला. पैसे किती, कशाचे, हे पहिल्याच दिवशी लेखी दिलं, मध्ये कधी वाढवले नाहीत. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे "आता काही होऊ शकत नाही" म्हणून पेशंटला सोडून देणं असं मलाही वाटायचं, आणि तसं अजिबात नाहीये. दुखणं, धाप, झोप, भीती, घरातल्यांची ओढाताण, हे सगळं त्यांच्या कामात येतं, आणि मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही ही सेवा घेता येते. आम्ही उशिरा घेतली याचं मला आजही वाईट वाटतं. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा) सुरू केलं तिथून ह्या कामाची आजची पद्धत आली. त्या आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, आणि नंतर डॉक्टर झाल्या. आमच्या सिस्टरचं काम बघितल्यावर मला ते एकदम पटलं, कारण त्या बाबांचं बीपी घेताघेता आईची झोप झालीये का ते पण बघायच्या.

आता ह्या टीमच्या आधी काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा ज्या हॉस्पिटलात होते (त्याचंही नाव लिहीत नाही) तिथे तपासणीच्या आदल्या संध्याकाळी एक जण फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. प्रत्येक पानावर जिथे सही पाहिजे तिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती. बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन (नकाशे काढणारे) होते, कागद हातात आला की चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचणार, आणि तो माणूस पलंगाशेजारी उभा राहून "काका, फुली आहे तिथे सही करा, वाचायचं काही नाही, सगळ्यांचा सेमच असतो" असं म्हणत होता. बाबांनी दोन पानं वाचली, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग फुल्यांवर सह्या केल्या. मी तिथेच होते आणि मीच म्हणाले, करा बाबा, त्यांना उशीर होतोय. हे लिहिताना पण घशाशी येतं.

रिपोर्ट आला तो कॉरिडॉरमध्ये, मला आणि दादाला. डॉक्टर म्हणाले एवढ्यात पेशंटला सांगू नका, खचतील. आम्ही मान डोलावली. मग तीन आठवडे आम्ही दोघं, आई, सगळे "इन्फेक्शन आहे, वेळ लागेल" हेच घोकत राहिलो आणि बाबांनीही विचारणं बंद केलं, तेव्हा आम्हाला वाटलं त्यांचा विश्वास बसला.

ह्या टीमच्या डॉक्टर मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच मी त्यांना गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं की बाबांना माहीत नाहीये, तुम्हीही बोलू नका. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी त्यांना आपणहून काहीही ऐकवणार नाही. पण किती ऐकायचंय हे मी त्यांना विचारणार, आणि त्यांनी सरळ प्रश्न विचारला तर मी खोटं बोलणार नाही." मग खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या, बाबांच्या डोळ्यांच्या रेषेत, आणि विचारलं, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय माहितीये? अजून जाणून घ्यायचंय, का हे सगळं मुलांशी बोललेलं बरं वाटेल?"

बाबांनी उशीखालून डायरी काढली. हॉस्पिटलच्या फाईलमधले शब्द त्यांनी त्यांच्या त्या नकाशावरच्या सुबक अक्षरात उतरवून घेतले होते, शॉर्टफॉर्मसकट, आणि अर्ध्या शब्दांसमोर अर्थही लिहिला होता. कधी लिहिलं कुणाला माहीत. म्हणाले, "एवढं कळलंय. हे तीन शब्द राहिलेत, ते सांगा. आणि वेळ किती आहे ते महिन्यात सांगा का वर्षात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन आठवडे कुणाशी बोलायची सोय नव्हती गं."

मॅडमनी तीनही शब्द समजावून सांगितले. वेळेबद्दल म्हणाल्या वर्षात नाही, महिन्यात, आणि आकडा कुणीच खात्रीने देऊ शकत नाही. बाबा बराच वेळ गप्प होते. मॅडमही गप्प बसल्या, घाई केली नाही, फोन बघितला नाही. माझा पाचवा स्टार खरं तर तेव्हाच देऊन झाला होता, तो नंतर का कापला ते पुढे सांगते.

नंतर मी ह्या विषयावर बरंच वाचलं, कारण मला कळेना की आम्ही चूक केली का प्रेमाने केलं ते बरोबरच होतं. एक केस डोक्यातून जात नाही. भारतात सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली केसचा निकाल दिला. तपासणीसाठी म्हणून भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाई, त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकलं. कोर्टाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणारे, जिवावर बेतलेलं नाही, तर तिच्याऐवजी आईने दिलेली संमती धरता येणार नाही, आणि तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे. मुलगी, मुलगा, आई, कुणीही कितीही जवळचं असलं तरी शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या जागी सही करू शकत नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने तर असं ठरवलं की कुठला धोका सांगायचा हे डॉक्टरांच्या पद्धतीवर सोडायचं नाही, त्या पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा. त्या ब्रिटनच्या केसमधल्या बाईंना डायबेटिस होता आणि नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचे खांदे अडकायची शक्यता नऊ-दहा टक्के होती, तरी त्यांना ते सांगितलेलं नव्हतं. हे वाचताना मला सारख्या त्या पेन्सिलीच्या फुल्या दिसत होत्या.

ह्या टीमचाही संमतीचा फॉर्म होता, चार पानी. सिस्टर तो ठेवून गेल्या, म्हणाल्या दोन दिवस राहू दे, परवा येईन तेव्हा बोलू. बाबांनी सात ठिकाणी खाली रेघ मारली आणि समासात प्रश्न लिहिले. सिस्टरनी सातही प्रश्नांची उत्तरं दिली, एकाचं येत नव्हतं तर मॅडमना फोन लावला. शिवाय सांगितलं की ही सही कधीही मागे घेता येते, कारण द्यावं लागत नाही.

गुप्ततेचं तर मी असं काही कुठे पाहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाबांना एक पान दिलं, कुणाला काय सांगायचं याचं. बाबांनी लिहिलं: आईला आणि मला, सगळं. दादाला, सगळं पण आधी बाबा स्वतः बोलतील. काकांना, काही नाही. काका म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, तेव्हा मला ते जरा कठोर वाटलं. पण कारण विचारायला गेले नाही, सिस्टरनीही विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की तुम्ही आम्हाला जे सांगाल ते टीमच्या बाहेर जाणार नाही, अपवाद दोनच, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानेच कळवायला लावलं तर, आणि तसं झालं तरी आधी तुम्हाला सांगू.

आणि मग काकांनी कुठूनतरी नंबर मिळवून सिस्टरला फोन केला. मी बाजूलाच होते, स्पीकर नव्हता तरी काकांचा आवाज ऐकू येत होता, मी सख्खा भाऊ आहे, मला माहिती मिळायलाच पाहिजे. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मी कुठल्याच पेशंटबद्दल फोनवर बोलत नाही, तुम्ही तुमच्या भावाशीच बोला ना." तीन वेळा तेच, त्याच सुरात. आपण आमच्याकडे येतो एवढंही त्यांनी कबूल केलं नाही. काका आमच्यावर रागावले, पुढे महिनाभर बोलले नाहीत, तो त्रास आम्हालाच झाला. तरी बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं ते बघून मी गप्प बसले. (हॉस्पिटलमध्ये बाबांचा रिपोर्ट लिफ्टमध्ये मोठ्याने बोलला गेला होता, आणि लिफ्टमध्ये आमच्या शेजारी होते.)

आता जिथे चुकलं ते. एकदा सिस्टरबरोबर एक शिकाऊ मुलगी आली, न विचारता. बाबांचं त्या दिवशी स्पंजिंग (ओल्या कपड्याने अंग पुसणं) होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि हातात घट्ट धरली. सिस्टरच्या लक्षात आलं, त्या थांबल्या, मुलीला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि बाबांची माफी मागितली. पुढच्या वेळी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, आणि बाबा हो म्हणाले, उलट त्या मुलीला धाप लागते म्हणजे आतून कसं वाटतं ते अर्धा तास समजावून सांगितलं. चूक सुधारली हे मान्य, पण संमतीबद्दल एवढं जपणाऱ्यांकडून ती व्हायला नको होती.

मॉर्फीनबद्दल (अफूपासून बनणारं, दुखणं कमी करायचं औषध) लिहिते कारण बऱ्याच घरात तिथेच भांडण होतं. धाप वाढली तेव्हा मॅडमनी अगदी कमी डोस सुचवला आणि आई रडायलाच लागली, तिला वाटलं शेवटचं औषध आलं. मॅडमनी तिला बसवून सांगितलं की धाप लागल्याची जी घुसमट वाटते ती ह्याने कमी होते, डोस थोड्यापासून सुरू करून बघत बघत वाढवतात, अशा बेताने दिलं तर ह्याने माणूस लवकर जात नाही, व्यसनाची भीती ह्या परिस्थितीत धरायची नाही, बद्धकोष्ठ मात्र बहुतेक होतंच म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. आणि हे सगळं आईला सांगून झाल्यावर विचारलं मात्र बाबांनाच, घेऊ या का? बाबा म्हणाले आधी दोन दिवस बघू, पसंत पडलं तर पुढे. ते पसंत पडलं. त्याच भेटीत सिस्टरनी छोटा हातात धरायचा पंखा गालावर, नाकाजवळ धरायला शिकवला. इतकी साधी गोष्ट आणि बाबांना त्याने एवढं बरं वाटायचं की शेवटपर्यंत तो उशीजवळ होता.

दुसऱ्या महिन्यात मॅडमनी विषय काढला की तब्येत एकदम बिघडली आणि तुम्हाला बोलता येत नसेल तर काय करायचं ते आत्ता लिहून ठेवायचंय का. लिव्हिंग विल म्हणतात ते. दादा त्या दिवशी आला होता, तो ताडकन उठला, म्हणाला हे काय बोलणं झालं, व्हेंटिलेटर लावायचा नाही म्हणजे मारूनच टाकायचं की. मॅडमनी त्याला अमेरिकेतल्या कॅरेन अॅन क्विनलनची गोष्ट सांगितली. एकविसाव्या वर्षी बेशुद्ध झालेली मुलगी, आईवडील कोर्टात गेले, १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने व्हेंटिलेटर काढायला परवानगी दिली, काढला, आणि ती स्वतःच्या श्वासावर नऊ वर्षं जगली, १९८५ ला गेली. सगळे पेशंट असे जगत नाहीत हेही त्या बोलल्या. पण मशीन काढल्यावर आजार आपल्या गतीने जातो आणि माणसाची काळजी घेणं चालूच राहतं, इंजेक्शन देऊन जीव घेणं ही वेगळी गोष्ट, नेदरलँड्समध्ये २००२ पासून कडक अटींवर त्याला कायद्याने वाट आहे, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि आम्ही ते करत नाही, करणार नाही. दादाने अरुणा शानबागचं नाव काढलं, हल्ल्यानंतर कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या मुंबईच्या त्या नर्स. मॅडम म्हणाल्या त्यांना विचारायचीच सोय उरली नव्हती, म्हणून तर त्यांच्यासाठी काय योग्य यावर दुसऱ्यांना कोर्टात बोलावं लागलं, २०११ चा निकाल आला, आणि पुढे २०१८ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल मान्य केलं ते माणसाला बोलता येतंय तोवर बोलून ठेवता यावं म्हणूनच. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार लागतात, पण आता मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, आपापल्या ठिकाणचे बघून घ्या.

दादा ऐकून घेत होता पण पटलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, "तुला पटलं नाही तरी चालेल, वाचून दाखव फक्त." आणि त्यालाच लिहायला बसवलं. छातीवर दाब देऊन हृदय चालू करायचं नाही. आयसीयू नाही, नळी नाही. ऑक्सिजन हवा. तोंडाने घेता येईल तोवर अँटिबायोटिक चालेल. दुखणं आणि धाप कमी करायला जे लागेल ते सगळं. घरीच. मी बोलू शकलो नाही तर मुलीला विचारा, मुलीला ह्या कागदाच्या बाहेर जायचा अधिकार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः घातलं आणि ते माझ्यासाठी होतं, मला अडकवायला नाही, सोडवायला, हे मला शेवटच्या रात्री कळलं.

पाचवा स्टार कापला त्याचं कारण. एका रात्री ताप चढला आणि बाबा बरळायला लागले, नाकातली ऑक्सिजनची नळी ओढून काढायचे, घरी जायचंय म्हणायचे, घरातच असून. चोवीस तासांचा फोन, पण उचलायला चाळीस मिनिटं लागली, तीन वेळा रिंग वाजून कट. घरात धाप लागलेला माणूस असताना चाळीस मिनिटं म्हणजे काय ते ज्याने काढली त्यालाच माहीत. नंतर कळलं एकच जण ड्यूटीवर होती आणि दुसऱ्या घरी अडकली होती. रात्री किमान दोन जण पाहिजेत, मी हे लेखी दिलंय, तुम्हीही सेवा घ्यायच्या आधी रात्री किती जण असतात ते विचारा. फोन लागल्यावर मात्र मॅडमनी सांभाळलं. बाबा "काही नको, औषध नको" म्हणत होते, मी विचारलं हा त्यांचा नकारच धरायचा का. त्या म्हणाल्या, आत्ता त्यांना गोष्ट समजतेय का, मिनिटभर लक्षात राहतेय का, बरं-वाईट तोलता येतंय का, आणि ठरवलेलं सांगता येतंय का, ह्या चार गोष्टी बघायच्या. आज रात्री त्या नाहीत म्हणून कागदावर जे आहे ते करू, अँटिबायोटिकची गोळी देऊ, उद्या शुद्धीत आले की परत विचारू. सकाळी ताप उतरला, त्यांनी खरंच परत विचारलं. बाबा म्हणाले कोर्स पुरा करू, पुढच्या वेळी नको. आणि पुढच्या वेळी कुणी दिलं नाही.

शेवटची रात्र फार लिहीत नाही. श्वासात घरघर सुरू झाली तेव्हा सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून कळलं की हा आवाज आपल्याला ऐकवत नाही पण बहुतेक त्यांना त्याचा त्रास होत नसतो, कुशीवर वळवा. दादाने अॅम्ब्युलन्ससाठी फोन हातात घेतला होता. कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला, त्याच्याच अक्षरात. तो त्याच्यासमोर उभा राहिला, वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि येऊन बाबांचा हात धरून बसला. मी पंखा धरला होता. पहाटे गेले.

तेराव्या-चौदाव्या दिवशी काकांनी परत सिस्टरना फोन केला, आता तरी सांगा काय झालं होतं. उत्तर तेच. डॉक्टरांची जी जिनिव्हाची शपथ आहे, १९४८ मध्ये आलेली, तिच्यात पेशंटने सांगितलेलं गुपित त्याच्या मृत्यूनंतरही पाळीन असं वाक्य आहे, ते मला सिस्टरनीच दाखवलं. शेवटी काकांशी आई बोलली, तिला वाटलं तेव्हा, तिला वाटलं तेवढं. बाबांनी त्या पानावर खाली बारीक अक्षरात तेवढी मुभा दिलेली होती.

टीमने सहा आठवड्यांनी आईला फोन केला, नुसतं कशी आहेस विचारायला, तो पॅकेजमध्ये नव्हता. कॉन्सन्ट्रेटर चौथ्या दिवशी येऊन घेऊन गेले. जाताना सिस्टरनी घरातली फाईल आईसमोर ठेवली, ही तुमच्याकडे ठेवायची, आम्ही न्यायची, का नष्ट करायची, तुम्ही सांगा, घाई नाही. आईने ती दोन दिवस उघडली नाही. मग आतली समासात प्रश्न लिहिलेली चार पानं तेवढी काढून घेतली, आणि बाकीची घेऊन जा म्हणाली.